मामांचा पत्ता

स्वतःच्या घरी राहूनही जगाच्या लेखी दुसऱ्याच्या घरात नांदणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. खोपोलीची भाड्याची खोली सोडून ते खालापुरात आमच्या शेजारी घर बांधून आले, पण पत्रामागे उमटवायचा पत्त्याचा शिक्का खोपोलीचाच राहिला. "रबर अजून टणक आहे, टाकू कशाला?" हा त्यांचा सवाल. दांडा चांगला म्हणून कापड फाटलेली छत्री पावसात नेणारा हा गृहस्थ! साहजिकच सगळी उत्तरं खोपोलीला जात आणि मामा दर शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून एस.टी.ने ती आणायला जात. त्या भाड्यात कितीतरी शिक्के झाले असते, पण सांगायचं कुणी?

एकुलत्या एका मुलीसाठी, सुमनसाठी, स्थळं पाहू लागले तेव्हाही पत्रिकेच्या पाकिटावर तोच शिक्का बसला. पेणची मंडळी रविवारी मुलगी बघायला थेट खोपोलीच्या खोलीवर! तिथल्या नव्या भाडेकरीण बाई म्हणाल्या, "पत्ता ह्योच हाय, पन ते शनवारी येतात. आलाव तं च्या तरी घ्या." चहा त्यांच्या मुलीने आणला. पुढच्या शनिवारी मामांच्या हातात टपालाबरोबर तिचं लग्न ठरल्याचा पेढा पडला. मामांनी तो खाल्ला आणि वर सुमनसाठी एक रुमालात बांधून आणला. "ताजा आहे गं," एवढंच म्हणाले.

सुमनने शिक्का चुलीत घातला. रसायनीच्या कारखान्यातल्या नोकरीच्या अर्जावर खालापूरचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला. बोलावणं दारात आलं, नोकरीही लागली. टपाल घरी येऊ लागलं आणि मामा शनिवारी सदरा घालून नुसते ओट्यावर बसू लागले. मी चिडवलं तर म्हणाले, "जावईबापू, इथं मला कोण विचारतं? तिथं ती बाई म्हणायची तरी, 'काका, आज उशीर झाला वो?'" इतकी वर्षं मी या माणसाला हसलो, तेव्हा मात्र वाईट वाटलं.

हे सुमननेही ऐकलं असावं. पुढच्या शुक्रवारी ती सहज म्हणाली, "बाबा, खोपोलीला तुमचं एक पत्र आलं असेल. बघून या." शनिवारी संध्याकाळी मामा एस.टी.तून उतरले ते पोस्टकार्ड मिरवतच. रसायनीहून तिनेच टाकलं होतं: "बाबा, तिथल्या काकूंना नमस्कार सांगा. चहा घ्या, पण जेवायला घरी या."