पुढे सरकवलेलं ताट

१४ डिसेंबर २०२४, शनिवार. त्या संध्याकाळी पांढरकवड्याच्या लहानशा चर्चमध्ये पेटीचं झाकण इतक्या जोरात आदळलं की भाता फाटला आणि तीन पट्ट्या मुक्या झाल्या. दुरुस्तीला ३,४५० रुपये लागले. शामुवेल खंडारेने ते पुढच्याच आठवड्यात भरले, पावती घेतली आणि आपल्यापुरतं प्रकरण मिटवून टाकलं.

शामुवेल सहासष्ट वर्षांचा. हायवेवर त्याचं ट्रकच्या कमानपाट्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दुरुस्त करायचं दुकान. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर त्याच्या कामावर डोळे मिटून भरवसा ठेवत आणि त्याच्या जिभेला वचकून असत. "भाऊ, दोन पैसे जास्त घ्या, पण बोलू नका," असं म्हणत गाडी लावायचे. रविवारी मात्र हाच माणूस चर्चमध्ये पेटीवर बसला की त्याच्या काळ्या, जाड बोटांतून असा हळुवार सूर निघायचा की नवख्या माणसाला खरं वाटू नये.

त्याच्या उजव्या हाताला ढोलकी घेऊन बसायचा मारोती. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी त्याला दुसरं नाव सुचवलं होतं. तो म्हणाला, "साहेब, देवानं मले याच नावानं हाक मारली, आता बदललं तर त्याची पंचाईत होईन." तेव्हापासून तो मारोतीच राहिला.

त्या शनिवारी नाताळच्या भजनांची तालीम होती. मारोतीचा ताल सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा शामुवेलने झाकण आदळलं आणि पोरापोरींसमोर ओरडला, "हात थरथरते तर घरी बस न! कायले ढोलकी मांडीवर घेऊन बसतं?"

मारोतीने ढोलकी हळूच खाली ठेवली, उठला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "बापावर गेला शेवटी."

शामुवेलचा बाप दाविद. जेवणाचं ताट अंगणात भिरकावणारा. आई मुकाट्याने भात वेचायची. बापासारखं व्हायचं नाही, असं शामुवेलने लहानपणीच ठरवलं होतं आणि हे फक्त मारोतीला सांगितलं होतं. मारोतीने ते चारचौघांत काढलं. आपला अपमान झाला तो इथे, असं शामुवेलच्या मनाने घेतलं आणि पुढे तेच धरून बसलं.

त्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरतं. ज्याच्या मनात कुणाबद्दल राग आहे त्याने तुकडा घ्यायचा नाही, ताट पुढे सरकवायचं, अशी तिथली जुनी रीत. जानेवारीत शामुवेलने ताट पुढे सरकवलं. फेब्रुवारीत सरकवलं. मार्चमध्येही. उपासनेनंतर एकदोघांनी त्याचा हात धरून म्हटलं, "भाऊ, असा खरेपणा पायजे." त्याला ते आवडलं. मागच्या बाकावर बसून मारोती मात्र दर वेळी भाकर घेत होता. ते पाहून शामुवेल मनात म्हणायचा, घेतो कसा हा?

दुपारी दुकानात काम नसलं की त्याला जुने दिवस दिसायचे. पंचवीस वर्षांचे होते दोघं. नाताळात बांबू आणि रंगीत कागदाची चांदणी काठीला बांधून गावोगाव भजनं म्हणत फिरायचे. एकदा घाटंजीहून परतीची शेवटची एसटी चुकली. थंडीत पहाटेपर्यंत चालत आले, सगळा रस्ता गात. शामुवेल तेव्हाही चिडायचा. सूर चुकला की चिडायचा, चहा गार झाला की चिडायचा. तो ओरडायला लागला की मारोती ढोलकी पुढे ओढायचा आणि त्याच्या ओरडण्यावरच ठेका धरायचा. शिवी लांबली की ठेका लांबवायचा, शामुवेल दम घ्यायला थांबला की तिहाई घ्यायचा. पोरं हसून लोळायची आणि शेवटी शामुवेललाही हसू फुटायचं. आपण राग आवरायला शिकलो, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. खरं तर तो मारोतीच्या हातांनी आवरलेला होता.

मार्चमधल्या त्या रविवारी घरी आल्यावर त्याची बायको विमलताई भाकरी थापता थापता म्हणाली, "आजही सोडलं न ताट?"

"राग मनात ठेवून कसं घेऊ वं?"

"अन् ईस्टर आलं की. पहाटच्या फेरीत ढोलकी कोण वाजवणार?"

"नाई वाजली तर नाई वाजली."

विमलताईने तवा उतरवला. "डॉक्टरनं सांगतलं त्यायले, कंपवात आहे म्हणून. पुढच्या वर्षी हात उचलते का नाई, कोणाले ठाऊक. हे शेवटचं ईस्टर असन त्यायच्या ढोलकीचं."

शामुवेलने हातातला घास ताटात ठेवला.

"तुमाले एक विचारू जी? प्रभूनं काय सांगतलं? भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही असन, तर अर्पण तिथंच ठेव अन् उठून जाय त्याच्याकडे. तुम्ही ठेवता तेवढं बरोबर. जायचं कोणी, माह्या आईनं? तीन महिने ताट सरकवून राह्यले, अन् सरकवतानी मागं वळून पाहता, त्यायनं पाह्यलं का नाई म्हणून. हा काय खरेपणा झाला? हा बी रागच आहे, पांढरे कपडे घालून आलेला."

"अन् तो? तो घेतेच न भाकर!"

"कारण ते आल्ते. जानेवारी लागताच, दुकानावर. तुम्ही त्यायले पाहून ट्रकखाली शिरले. दुकानातल्या पोरानं सांगतलं मले."

शामुवेल खरंच शिरला होता. धुऱ्याला काही झालेलं नसताना अर्धा तास तिथे पान्हा फिरवत पडून राहिला होता.

ती दुपार त्याने कशीबशी काढली. पाळकसाहेब एकदा प्रवचनात म्हणाले होते, प्रभूही मंदिरात रागावला, पण तो लुबाडल्या जाणाऱ्यांसाठी. आपण रागावतो ते बहुतेक आपल्या नावासाठी. तेव्हा शामुवेलने मान डोलावली होती. आता त्याला वाटलं, माझा राग नावासाठीही नव्हता. मग कशासाठी होता? त्याच्या डोळ्यांपुढे ढोलकीच्या पानावर थरथरणारी चार बोटं आली आणि त्याला नीट कळलं.

ऊन कलल्यावर तो हायवेपलीकडे मारोतीच्या घरी गेला. मारोती ओट्यावर शर्टाचं बटण लावत होता. ते काजात जात नव्हतं.

"कोण? आज गाडी इकडं कशी वळली? पेटी तोडून झाली, आता माहं घर तोडतं का?"

शामुवेलचा हात बटणाकडे निघाला. आण इकडे, किती वेळ लावतो, हे तोंडावर आलं होतं. त्याने हात मागे घेतला आणि बाजूला बसला. बटण काजात जाईपर्यंत बसून राहिला. फार वेळ लागला.

मग म्हणाला, "मी चुकलो रे मारोती."

"कधी? चाळीस वर्षांचा हिशोब आहे, नीट सांग."

"पोरायसमोर तुह्या हातावर बोललो. मले भेव वाटलं. तुहा हात पाह्यला अन् भेव वाटलं. मले भेव सांगता येत नाई, रागच येते."

मारोतीने नजर रस्त्यावरच्या ट्रककडे वळवली. "मले बी भेव वाटते," तो म्हणाला. "अन् तुह्या बापाचं नाव मी घ्यायले नव्हतं पायजे."

"खरं होतं ते."

"खरं होतं म्हणूनच घ्यायले नव्हतं पायजे." मग तो जरा सरकून बसला. "माफ केलं असं आज म्हणत नाई मी. बोचते अजून. पण चहा पिऊन जाय. सुनेनं साखर कमी टाकली तर ओरडू नको, आता ठेका धराले हात नाई."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ताट आलं तेव्हा शामुवेलने मागे वळून पाहिलं नाही. तुकडा घेतला आणि डोळे मिटले. मारोती कुठल्या बाकावर आहे, हे त्याला उपासना संपल्यावरच कळलं. तो दुसऱ्या बाकावर होता, त्याच्या बरोबर मागे.

२० एप्रिलला ईस्टरच्या पहाटे फेरी चर्चपासून कब्रस्तानाकडे निघाली. गळ्यात पेटी अडकवून शामुवेल पुढे उभा होता. मारोती आला, पण ढोलकी त्याने एका तरुण मुलीच्या गळ्यात घातली आणि आपण झांज घेतली.

"हे काय?" शामुवेलने विचारलं.

"थरथरत्या हाताले हेच बरं. आपोआप वाजते. तू फक्त सूर धर, अन् त्या पोरीचा ताल चुकला तर माह्याकडे पाहाय, तिच्याकडे नको."

मुलीचा ताल दोनदा चुकला. शामुवेलने दोन्ही वेळा मारोतीकडे पाहिलं. मारोती भुवया उडवून हसला आणि फेरी पुढे चालत राहिली.

उजाडल्यावर कब्रस्तानाबाहेरच्या टपरीवर दोघांनी चहा आणि आलूबोंडे घेतले. शामुवेल पाकीट घरी विसरला होता. साठ रुपये मारोतीने दिले. ते अजून शामुवेलकडे बाकी आहेत.