शिळ्या भाकरीचा लाडू

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात डबे तपासत होते. सकाळची छोटी सुट्टी होती. यवतमाळच्या दवाखान्यातून तिच्याबरोबर मजुरीला जाणारी मीरा बोलत होती, "बाई, शालू गेली हो..." एवढंच. माझ्या हातात कुणाच्या तरी डब्याचं झाकण होतं आणि मी मूर्खासारखी त्या लेकराला म्हणाले, "उद्या भाजी आणायची." त्याला आता सात आठवडे झाले.

दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. शालू आणि मी याच शाळेत चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलो. पुढं मी शिकले, बाई होऊन परत आले. ती मजुरीला लागली. नवरा सुरतेकडे गेला तो गेलाच. घरात सासू, ती आणि तिसरीतली लेक पल्लवी. शाळेच्या फाटकात ती मला 'बाई' म्हणायची, फाटक ओलांडलं की 'सुमे'.

मला शिस्तीचं भारी वेड. दुपारी शाळेत खिचडी असायची, पण छोट्या सुट्टीत लेकरं पाच रुपयांची कुरकुरीत पुडी फोडायची. नुसतं मीठ, तिखट आणि रंग. मी मातांच्या सभेत जाहीर करून टाकलं, पुडी बंद! घरी केलेलं, पोटाला आधार देणारं आणायचं. मी रोज डबा उघडून पाहणार. शालू उठली. "कायले भाषण देऊन राह्यली वं सुमे? सकाळी सहाले मी वावरात असतो. पोरीच्या गळ्यात काय चूल बांधून देऊ?" सगळ्या खो खो हसल्या. मला राग आला. तिच्या बोलण्याचा कमी, चारचौघींत 'सुमे' म्हणाली त्याचा जास्त. मी म्हणाले, "आईनं मनावर घेतलं की सगळं होतं." हे वाक्य माझंच. ते आता मला खोडता येत नाही.

तिनं मनावर घेतलं. कधी मेथी घालून ज्वारीचं धिरडं, कधी मुगाचे वाफवलेले फुणके, आणि बहुतेक दिवशी लाडू. रात्रीची भाकरी कुस्करायची, त्यात दाण्याचं कूट, गूळ, थोडे तीळ घालून मुठीत दाबायचं. झाला लाडू! मी तो वर्गभर फिरवून दाखवला. इतर आयांना म्हणाले, "शिका जरा शालूकडून." ती नुसती हसली. पण ती भाकरी कुणाच्या वाट्याची, हे मी एकदाही विचारलं नाही. आमच्याकडे वावरात जाणारी बाई रात्रीची भाकरी अन् मिरचीचा ठेचा खाऊनच निघते. त्यात सगळ्यांनी ज्वारी मोडून पऱ्हाटी, म्हणजे कापूस लावलेला, खायची ज्वारीही विकत, म्हणून भाकरी मोजून थापायच्या. मी याच गावची आहे. मला हे कळायला हवं होतं.

भादव्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. बोंडअळी हटेना, फवारणीवर फवारणी सुरू झाली. शालू ड्रमात औषध कालवायची, पंप भरून द्यायची. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं तेवढं. त्या दिवशी दहाच्या सुमारास तिला उलट्या झाल्या, मग डोळ्यांना दिसेना. तिसऱ्या दिवशी संपलं. माती देऊन आल्यावर ओसरीवर मीरा मला म्हणाली, "औषधाजवळ जाचं तं पोटात भाकर पाह्यजे, हे तिले का माहीत नव्हतं? मी रोज म्हनो, शाले, खाऊन येत जाय. तं म्हने, भाकर पोरीच्या डब्यात गेली, सुमी डबा पाह्यते..."

लोक समजूत घालतात, औषधानं गेली, तुझा काय दोष? पोटात भाकरी असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. हातमोजे न देणाऱ्या मालकाचा मला संताप येतो. पण त्यानं माझा मला येणारा राग तिळभर कमी होत नाही.

पंधरा दिवसांनी पल्लवी शाळेत आली. छोट्या सुट्टीत टेबलाशी येऊन तिनं डबा उघडला. आत लाडू, वाकडातिकडा, तिच्या मुठीच्या मापाचा.

"कुणी केला गं?"

"म्याच केला, बाई."

"आणि भाकरी?"

"रातची माह्या वाट्याची. खाल्ली नाई. तुम्ही रागावसान म्हणून ठेवली."

मी तिला जवळ घेतलं, वर्गासमोर रडले. नियम तिथंच मोडला. आता सकाळी मीच घरून चार भाकरी जास्तीच्या नेते, आणि कुणाचा डबा पाहत नाही. सगळ्या लेकरांना ते कळलंय. पल्लवी मात्र अजून रोज येते, झाकण काढते आणि मी 'छान' म्हणेपर्यंत उभी राहते.