सपाटीवरचा आवाज

कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी गाढव मीच ठरतो, तेव्हा हसायचं ते आत्ताच हसून घ्या, चहा गार होतोय.

तेव्हा मी श्रीवर्धनला एका शेठची लॉरी चालवायचो. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली. इतर गाड्यांची नुसती मागची चाकं ढकलतात, हिची चारही चाकं जोर लावायची. चिखल असो, किनाऱ्यावरच्या वाळूची पुळण असो, ही रेड्यासारखी पार! आणि मी? नुसत्या आवाजावरून गाडीचा बिघाड ओळखतो, असं गावभर सांगत फिरायचो. गावाने कधी विचारलं नव्हतं.

भाचीचं लग्न दिवेआगरला. मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि तिला मामा एकच, मी. ताईला कळवलं, आजोळची सगळी माणसं लॉरीतून आणतो, तू निर्धास्त राहा. माझ्या बाबतीत ताई निर्धास्त कधीच नव्हती.

निघालो. मागे फळ्यांवर वऱ्हाड, अगदी माझ्या पाठीशी दात गेलेली आत्या, मांडीवर पानाचा डबा. गाव सुटलं आणि मागून आवाज. टक, टक, टक.

थांबलो. आवाज बंद. सगळ्यांना उतरवून रिकामी गाडी पुढे-मागे केली. चिडीचूप! पुन्हा सगळे बसले, निघालो, की टक टक. घाटी चढताना नाही, उतरताना नाही, सपाटी आली की सुरू. वऱ्हाडाला विचारलं, तर त्यांना वेगळं काहीच ऐकू येत नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? चढ-उतारावर गिअरचे दाते एकमेकांना घट्ट भिडतात, म्हणून गप्प. सपाटीवर ढिले पडतात, म्हणून ठोकतात. त्यात माणसं बसली तरच आवाज, म्हणजे वजनाचा संबंध. पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारा दांडा गेला! वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटून मी हे जाहीर केलं. वऱ्हाड भारावून गेलं. खोटं कशाला बोलू, मीही भारावलो.

लॉरीखाली शिरलो आणि दांडाच काढून ठेवला. त्यात वेळ फार गेला, म्हणून रस्ता सोडून गाडी पुळणीकडे वळवली. उताराने खाली येताना कान दिला. टक टक गायब! मी मान वळवून सगळ्यांकडे असं काही पाहिलं, की ते आठवलं तरी आज लाज वाटते. कारण पुढच्याच क्षणी मागची चाकं पुळणीत इतकी रुतली की खाली शिरायला जागा उरली नाही, आणि बाहेर ओढणाऱ्या पुढच्या चाकांचा दांडा माझ्या पायाशी.

नारळ घेऊन जाणाऱ्या एका गाडीवानाने मला आणि आत्याला बैलगाडीत घेतलं. बाकीचे चालत.

"चारी चाकं चालतात म्हनं हिची?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तू तुझे बैल हाक.

मांडवात पोचलो तेव्हा मामाला हाका मारून भटजींचा घसा बसला होता. भाची रडकुंडीला आलेली. मी धावलो, तर ताई आडवी आली. "हात लावशील तर खबरदार. शालू आहे तो."

कोपरापर्यंत ग्रीस! धुवायला वेळ कुठे होता? मग पोलिसांनी धरलेल्या चोरासारखे दोन्ही हात वर करून मामा भाचीला घेऊन बोहल्यावर गेला. मुहूर्त साधला, एवढं मात्र खरं.

अंतरपाट धरला. सगळे गप्प. आणि टक, टक, टक.

देवाशपथ सांगतो, मी वाकून बोहल्याखाली बघितलं.

मग मागे वळलो. मांडवाच्या खांबाशी बसून आत्या छोट्या लोखंडी खलबत्त्यात विडा कुटत होती. चढ-उतारावर तिला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागायचा, आणि गाडी थांबली की ती सगळ्यांबरोबर खाली उतरायची. घरात हा आवाज इतका रोजचा, की वऱ्हाडाला तो आवाजच वाटला नव्हता. मलाही घरी कधी ऐकू आला नव्हता. लॉरीत बसलं की माझे कान शहाणे होतात.

"आत्या, वाटेत हेच चाललं होतं?" मी कुजबुजलो.

"मग काय? सारखा वळून बघत होतास. म्हटलं, पोराला विडा हवाय. आ कर."

माझे हात काळे, म्हणून तिनेच तो कुटलेला विडा सगळ्या मांडवासमोर माझ्या तोंडात कोंबला. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या काकांनी अगदी आपुलकीने विचारलं, लॉरीत नेमका बिघाड कुठे होता?

तोंड भरलेलं होतं म्हणून वाचलो. नाहीतर मी त्यांनाही दांडाच सांगितला असता.