तांबडं पिल्लू

नव्या घराच्या फाटकाला रंगारी तांबडा रंग देत होता, आणि त्या तेलकट वासाने मला खकनारजवळची आमची केळीची बाग आठवली. त्या वर्षी वानरांनी अर्धे घड ओरबाडले होते, आणि उरलेल्या केळीवर माझं कॉलेज अवलंबून होतं. कळपातलं एक पिल्लू दर शनिवारी माझ्या हातून फुटाणे खायचं, म्हणून त्याला पकडायला लावलेल्या जाळ्यापाशी मलाच बसवलं. ते आलं आणि अडकलं. काकांनी आधी हात जोडले, "मारुतीराया, माफी दे," आणि मग त्याला शेपटीपर्यंत तांबडं रंगवलं. "आता बघ दादा, याला बघून बाकीचे कसे पळतात," ते वडिलांना म्हणाले. सोडताच पिल्लू आईकडे धावलं. ती दात विचकून पळाली आणि तिच्यामागे सारा कळप पळाला. शनिवारी ते एकटंच परत आलं आणि माझ्यापुढे हात पसरून बसलं. "देशील तर इथेच राहील, बेटा. कळपामागे गेलं तरच ते दूर पळत राहतील," वडील म्हणाले. मी दगड मारला. बाग वाचली, घरातली पहिली पदवीधर मी झाले, आणि वडिलांचे ते उपकार मी आजही मानते. "मॅडम, पाटीवर नावाखाली डिग्री पण टाकू का, याच रंगात?" रंगाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "टाका."