काळ्या मडक्याची परतभेट

जर्मनीत, कार्ल्सरूहे शहरात असताना मला मडक्यांचं वेड लागलं. साधीसुधी नव्हेत, अमेरिकेतल्या प्वेब्लो आदिवासींच्या गावांतली, चाकाशिवाय हातांनी वळलेली, गुळगुळीत दगडाने घासून आरशासारखी केलेली. घरात तीन जमली होती. चौथ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

ते काळंभोर मडकं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं. लहान घरात जायचं म्हणून त्या आपला संग्रह विकत होत्या, पण गिऱ्हाईक पारखून. एक दंतवैद्यही त्याच मडक्यावर टपून बसला होता. बाईंनी पहिली संधी मला दिली: आठवडाभर घरी ठेवा, परत आणा, मी तपासेन, मग ठरवीन. आत पाणी नाही, फुलं नाहीत, तेलाचा हात तर मुळीच नाही. चकाकी एकदा गेली की गेली!

पुण्याहून आलेल्या सासूबाईंना मी हे सगळं साभिनय सांगितलं. मडकं शेणाच्या धुरात काळं करतात, हे ऐकून त्या खूश झाल्या.

"मग आपलंच की गं! एवढा कसला तोरा?"

आठवडाभर मी त्या मडक्याला नुसती लांबून ओवाळत होते. परतीच्या दिवशी सासूबाईंनीच ते टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं. जरा जड लागलं. मला वाटलं, धास्तीने.

वर बाईंनी भिंग घेतलं, टॉवेल सोडला आणि त्या आत डोकावल्या.

बेसनाचे लाडू. साजूक तुपातले. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे सासूबाईंनी जन्मभर पाळलेलं. ते जर्मनीत कसं मोडणार? काठावर त्यांची तुपकट बोटंही लख्ख उमटली होती.

"आमच्याकडे... पद्धत... सासू..." माझं जर्मन एवढ्यावरच आटोपलं.

बाईंनी लाडू बशीत काढले, काठ पुसून पाहिला. डाग हटेना.

"आल्झो, तर मग... दंतवैद्याला हे आता दाखवायचीही सोय राहिली नाही."

"नाही ना," मी म्हटलं.

"दुसरं कुणीही घेणार नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी अत्यंत दुःखाने म्हणाले.

"म्हणजे तुम्हालाच न्यावं लागेल."

मी मान खाली घातली आणि मडकं छातीशी धरून दाराबाहेर पडेपर्यंत ती वर केली नाही. हसू दिसलं असतं. जिन्यात पोचते तोच मागून बाईंचा आवाज आला, तोंडात लाडू असल्यासारखा:

"सासूबाईंना सांगा, पुढच्या वेळी डबा चालेल!"