पाँडिचेरीहून आलेली मुलगी

ती मला एकदाच भेटली, बेळगावातल्या आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी दाखला न्यायला आलो होतो. शेजारच्या बाकावर वडगावच्या विणकराची ती मुलगी बापाजवळ बसून, ओठांचा चंबू करून काहीतरी पुटपुटत होती.

"चूल फुंकल्यागत काय करायलीस गं?" बापानं विचारलं.

"फ्रेंच हाय ते, आप्पा."

मग बापानंच मला सगळं सांगितलं. फ्रेंचचे मास्तर मध्येच नोकरी सोडून गेले आणि तिचं वर्ष अडकलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, सुट्टीत फ्रेंचांच्या पाँडिचेरीत राहून शिकून ये. तोंडी परीक्षेत पास झालीस तर वर्ष भरलं असं धरू. नापास झाली तर शिक्षण बंद, असं भाऊबंदांनी बजावलं होतं. तरी बापानं तिला धाडलं.

"तिथं करमलं का?" मी विचारलं.

"सुरवातीला लई रडले. मग घरमालकीण म्हणाली, रडायचं तर फ्रेंचमध्ये रड. शब्द शोधता शोधता रडायचंच राहून गेलं."

तिला आत बोलावलं. परीक्षा घ्यायला लष्करी कॅम्पातले पाद्रीसाहेब आले होते. दाराआडून आधी त्यांचा आवाज येत होता. मग तिचाच येऊ लागला, आणि शेवटी साहेबांचं हसणं. ते स्वतः दार उघडून बाहेर आले.

"पास! फार छान पास!"

बापानं रुमालानं डोळे पुसले आणि अंगणातल्या पोरांना ओरडून सांगितलं, "सरका रं, माझी लेक जायलीय!"

पोरं खरंच सरकली. ती ताठ मानेनं मधून चालत गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती फाटकाबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, मीही उठून उभा राहिलो होतो.