परवा कोठीला गेले होते

दीड वर्षापूर्वी मी एका शिबिरात 'लिखाण अडलं तर काय करावं' या विषयावर दोन तास बोलले, आणि घरी आले तेव्हापासून माझंच लिखाण अडलं. हे कोणाला सांगायचीही सोय नाही. शिबिरातली मंडळी अजून फोन करून कळवतात, "ताई, तुमचे सात उपाय अगदी रामबाण निघाले हो." त्यातल्या एका बाईंची तर कादंबरी लिहून झाली. मी मात्र वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, आणि त्या यादीतही खाडाखोड होती.

अशात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. दरवर्षी ते मजकुरासाठी माझ्यावर खेकसतात. यंदा मऊ आवाजात म्हणाले, "सहा पानं ठेवली आहेत तुमच्यासाठी. पण नसेल जमत तर मोकळेपणानं सांगा, राग नाही." त्यांचं खेकसणं मला सोसतं. ही समजूतदार भाषा सोसेना. आता आपलं संपलं, असं या माणसालाही वाटायला लागलंय, हे मला कळलं. गणपती विसर्जनाच्या आत देते, असं मी ठासून सांगितलं आणि फोन ठेवला.

मग माझेच उपाय काढले. पहिला, रोज ठरलेल्या वेळी टेबलाशी बसा. बसले, तर डुलक्या लागल्या. दुसरा, जागा बदला. टेबल खिडकीशी नेलं, तर वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. तिसरा उपाय होता प्रवास करा. म्हणून पुण्याहून सकाळची गाडी धरली आणि हैदराबादला सुमनमावशीकडे निघाले.

गाडीत मी वही उघडून मांडीवर ठेवली होती. सोलापूर गेलं, वाडी गेलं, तांदूरच्या फरशीच्या खाणी दिसायला लागल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "परीक्षेला चाललात का?" पंचावन्न वर्षांच्या बाईला हा प्रश्न विचारावासा वाटला, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघा. मी हो म्हणाले. खोटं कुठे होतं त्यात?

शहर जवळ आलं तसे एकावर एक रचल्यासारखे गोल दगड दिसू लागले. आत्ता पडतील असे वाटतात आणि पडत नाहीत. यावर एखादं वाक्य सुचेल म्हणून मी पेन उघडलं, तर पेन चालेना. झटकलं, बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन निब बुडवून पाहिली, काही नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे दाखवण्यासारखं कारण आलं होतं.

मावशी तारनाक्याला राहते. आईची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी, लग्न होऊन या गावात आली त्याला साठ वर्षं झाली. तिचा मुलगा कामासाठी बंगळूरला असतो. घरात ती आणि तिची नात ईशा, दोघीच. ईशा चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी तिची आत्या लागते.

"आलीस? ये. किती वाळलीस गं," मावशी म्हणाली. "परवा तुझ्या लग्नात कशी गुबगुबीत होतीस."

माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी म्हटलं, असेल बोलण्याची पद्धत. पण जेवताना मला एक खुर्ची पुढे ओढून देत ती म्हणाली, "इथं बस. परवा तुझे काका याच खुर्चीत बसून जेवायले होते, म्हणायले मीठ कमी आहे." काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. ईशाकडे पाहिलं, तर ती निवांत खट्टी दाल (चिंच घातलेली आंबट डाळ) ओरपत होती.

"गोंगुरा घे," मावशी म्हणाली.

"ही अंबाडीच की."

"साठ वर्षं झाली मला अंबाडीचा गोंगुरा होऊन. घे गुपचूप."

चटणी इतकी झणझणीत होती की डोळ्यांत पाणी आलं. मी ते तिखटावर खपवलं. खरं म्हणजे मावशीची स्मरणशक्ती चालली या कल्पनेनं मला भरून आलं होतं. जेवण झाल्यावर गच्चीत जाऊन मी भावाला फोन केला आणि गंभीर आवाजात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू आधी तुझा लेख लिही." आमच्या घरात ही अशी माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) झाला. नंतर मावशी माझ्यासमोर येऊन बसली.

"तू इथं लिहायला आलीस म्हणे. मग सकाळपासून काय करायलीस?"

"पेन चालत नाही गं."

"घरात दहा पेनं आहेत."

"मला याच पेनाची सवय आहे. पंधरा वर्षं यानंच लिहितेय."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेले. ती शाळेत शिकवायची, आणि वही घरी विसरली म्हणणाऱ्या पोरांना ओळखण्यात तिची हयात गेली. "नक्को गं बहाणे," ती म्हणाली. "ऊठ. कोठीला करीमसाबचं दुकान आहे, पेन दुरुस्त करतात. परवाच गेले होते मी. चौकापासून डाव्या हाताला तिसरं दुकान."

आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याशी मावशी तेलुगूत भांडली, हिमायतनगरला वाहतूक अडली तेव्हा उर्दूत हळहळली आणि मला मराठीत दम दिला की रिक्षाबाहेर हात काढू नको. कोठीच्या बाजारात उतरलो. पदपथावर जुनी पुस्तकं, त्यांच्या शेजारी चपला, वर दवाखान्यांच्या पाट्या. मावशी काठी टेकत गर्दीतून अशी चालत होती की लोकच तिला वाट देत होते.

चौकापासून डाव्या हाताचं तिसरं दुकान मोबाइलच्या कव्हरांचं होतं.

"हेच," मावशी म्हणाली.

"मावशी, इथे पेनं नाहीत."

"परवा होती."

मी तिचा हात धरला. आता हिला घरी न्यावं, ईशाशी नीट बोलावं, डॉक्टर शोधावा, असं सगळं डोक्यात सुरू झालं. खोटं कशाला बोलू, त्यात एक कोपरा असाही होता की चला, आता लेख न देण्याला सबळ कारण मिळालं. आजारी मावशीपुढे कोणता संपादक बोलणार? ते मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात गल्ल्यावरचा तिशीतला माणूस म्हणाला, "क्या होना अम्मा? करीमसाब? वो परसोंइच ऊपर चले गए."

"ऊपर?" मी दचकून आकाशाकडे पाहिलं.

"ऊपर, ऊपर. दूसरा माला. पीछे की गल्ली से सीढ़ी है."

"परसों ही गए क्या वो ऊपर?" मी माझ्या पुणेरी हिंदीत विचारलं.

"हौ (हो), परसोंइच," तो म्हणाला आणि बोटांवर हिशेब करू लागला. "मेरी दुकान को नौ साल हुए... हाँ, नौ साल पहले."

धडधाकट माणूस, दुकान चालवतो, नऊ म्हणजे किती ते त्याला कळतं, आणि तरी परवा. मावशी माझ्याकडे वळली. "काल नाही झालं, म्हणजे परवाच झालं ना? तुमच्या पुण्यात काय म्हणतात?"

पुण्यात आम्ही परवा म्हणजे परवाच म्हणतो आणि उरलेल्या वेळात दिवस मोजत बसतो. भावाला केलेल्या फोनची आठवण होऊन माझे कान तापले. मावशीची स्मरणशक्ती ठणठणीत होती. या अख्ख्या गावाच्या जिभेवर गेलेला काळ मावायला एकच शब्द होता, आणि मी तिला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

दोन मजले चढायला आम्हाला वेळ लागला. करीमसाब खिडकीशी बसले होते. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग, समोर निबांची डबी. मावशीला पाहताच म्हणाले, "आओ अम्मा. परसों आए थे ना आप, काला पेन लेके?"

"हौ, परसों," मावशी म्हणाली, आणि दोघांचंही समाधान झालं. चहा आला, सोबत उस्मानिया बिस्किटं.

करीमसाबनी माझं पेन उघडलं, उजेडात धरलं आणि मान हलवली. "पेन को कुछ नै हुआ. चलाए नै, तो अंदर सियाही सूख गई."

लेखकाच्या हातात कोणी असं तयार रूपक ठेवलं तर ते घ्यायचं नाही, असं मी शिबिरात बजावलं होतं. म्हणून मी बिस्किट घेतलं. मावशी मात्र माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला बिस्किट गिळवेना.

पेन धुऊन, पुसून, शाई भरून झाली. करीमसाबनी एक जाड रजिस्टर पुढे केलं. निब तपासायला गिऱ्हाइकांनी त्यात काहीतरी लिहायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मी पेन घेतलं आणि झोकात माझं नाव लिहिलं. उत्तम उमटलं.

"नाम नक्को," ते म्हणाले. "नाम तो सब लोगाँ लिखते. हाथ को आदत है, खराब निब से भी चलता. ऐसी लाइन लिखो जो पहले कभी नै लिखे. तब मालूम पड़ता, कहाँ अटक रा."

मी निब कागदावर टेकवली. काही सुचेना. दीड वर्षं जे टेबलाशी होत होतं तेच इथे, शिवाय दोन म्हाताऱ्या माणसांच्या देखत. तेव्हा मावशी म्हणाली, "करीमसाब, माझं काढा बरं. बघू दे हिला."

त्यांनी मागची रजिस्टरं चाळली. उर्दू, तेलुगू, इंग्रजी, कितीतरी सह्या, फुलं, एक मांजरही. मग ते पान सापडलं. मावशीचं शाळेतलं वळणदार अक्षर होतं: 'हे गेल्यावर आज पहिल्यांदा कोठीला आले. यांचं पेन आहे. गर्दी तशीच आहे. बरं वाटलं.'

मी ते दोनदा वाचलं. चार वाक्यं, एकही मोठा शब्द नाही. मी मावशीकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती.

"अकरा वर्षं झाली गं," मी म्हणाले.

"असतील. मला तर परवाच वाटतं," ती म्हणाली. "वाईटही परवाच झालं आणि बरंही परवाच वाटलं. तू लिही."

मी लिहिलं: 'परवा म्हणजे अकरा वर्षं, हे मला आज कळलं.' निब कुठे अडली नाही, म्हणून पुढे लिहिलं. मोबाइलवाल्याबद्दल लिहिलं, आकाशाकडे पाहिलं त्याबद्दल लिहिलं, भावाला केलेल्या फोनबद्दल लिहिलं. पान उलटलं. चहा निवला. शेवटी करीमसाब मावशीला हळूच म्हणाले, "अम्मा, पेन ठीक हो गया बोलो. पूरा रजिस्टर नक्को भरो बोलो." ती दोन पानं त्यांनी मला फाडून दिली. त्या दोन पानांना मी रिक्षात पर्ससारखं छातीशी धरून बसले होते.

पुढचे चार दिवस मी मावशीच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं, काकांच्या खुर्चीत बसून. दुपारी ड्रिल इथेही चालू होतं, शेजाऱ्यांकडे. चालू दे म्हटलं.

शेवटच्या दिवशी ईशाला सुट्टी होती. तिला मराठी बोलता येतं, वाचताना मात्र ती खड्ड्यातून स्कूटर चालवावी तशी वाचते. मी तिला पहिली पानं मोठ्यानं वाचायला दिली. गाडीतून दिसलेल्या गोल दगडांपाशी मी थोडी पुणेरी कलाकुसर केली होती. तिथे ती अडकली.

"आत्या, हे काय आहे? सृ... सृज... सृजनशीलतेच्या अंत... अंतःस्फूर्त..."

"काही नाही. खोड ते."

"मीनिंग काय त्याचं?"

"दगड पडत नाहीत, एवढंच."

"मग तसंच लिही ना."

जिथे ती अडकली ते सगळे शब्द मी खोडले. लेख पाऊण पान कमी झाला आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. करीमसाबच्या पानापाशी मात्र ती न अडखळता वाचत गेली, आणि आजीची चार वाक्यं आल्यावर थांबली. "आजी, तू हे कधी लिहिलंस?" तिनं विचारलं. आजीनं काय उत्तर दिलं ते सांगायला नको. ईशानं पुढे वाचलं नाही, उठून आजीशेजारी जाऊन बसली. माझा लेख अर्धवट टाकून कोणी उठलं याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला.

सिकंदराबाद स्टेशनवर मावशी काठी टेकत फलाटापर्यंत आली. "परवा तर आलीस आणि चाललीस लगेच," म्हणाली. येऊन सहा दिवस झाले होते. मी मोजले, आणि तिला काही बोलले नाही.

घरी पोचल्यावर मजकूर पाठवला. संध्याकाळी संपादकांचा फोन आला. वाचलं म्हणाले, आणि मग एका शब्दावरून खेकसले, त्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "बरं झालं बाई. मला काळजी वाटत होती. किती दिवस झाले हो तुम्हाला काही लिहून?"

दीड वर्ष, असं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं.

"कुठे हो," मी म्हणाले. "परवाच तर लिहिलं होतं."